मदत हवी आहे: ३ टीबी गाण्यांचा बॅकअप, डिस्क किती घ्यायच्या आणि कोणत्या?

मुलुंडकरीण:

नमस्कार. यावर आधी धागा निघाला असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही.

माझे सासरे, आमचे नाना, गिरगावात राहतात. वय ७८. निवृत्तीनंतर त्यांनी घरातल्या सगळ्या कॅसेटी आणि थोडे स्पूल कॉम्प्युटरवर उतरवले. त्यात घरगुती बैठका आहेत, गणेशोत्सवातली गाणी आहेत, रात्री आकाशवाणी लावून केलेली रेकॉर्डिंगं आहेत. हे सगळं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलींत, म्हणजे तासाला साधारण २ जीबी. असा ऐवज सुमारे ५०० जीबी. बाकीचं स्वतःच्या सीडींवरून केलेलं फ्लॅक (दर्जा न घटवता दाबलेल्या फाइली), काही विकत घेतलेलं, थोडं एमपी३. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, तोवर नानांच्या पेन्शनचा एक हिस्सा तिकडेच जायचा. त्यामुळे सीड्या भरपूर. एकूण २.९ टीबी.

हे सगळं खिशात मावणाऱ्या एका ४ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर आहे. साधारण निम्म्याची कॉपी माझ्या दिरांच्या जुन्या मॅकच्या डिस्कवर. हल्ली मुख्य डिस्क काही फाइलींवर अडते. हिरवी पट्टी थांबते, आतून टक टक येतं, मग मिनिटभराने गाडी पुढे सरकते. विंडोज दर वेळी 'स्कॅन अँड फिक्स' करू का म्हणून विचारतं. नाना म्हणतात करून टाक. मी अजून हात लावलेला नाही.

तर, नव्या डिस्क किती आणि कोणत्या घेऊ? एसएसडी घ्यावी का? आणि नानांना एकट्याला जमेल असं काय आहे? ते रोज टॅग (फाइलीतली गाण्याची माहिती) बदलत बसतात. एकाच बैठकीला सोमवारी मारवा लिहितात, गुरुवारी त्याचा पूरिया होतो. (सूर तेच आहेत म्हणे. मला विचारू नका.)

कीबोर्डे:

फिक्स दाबू नका. नानांनाही दाबू देऊ नका. ते फाइलींची खातेवही दुरुस्त करतं, गाणी नाही. जे वाचता येत नाही ते खात्यातून कमी करून मोकळं होतं, आणि थकलेल्या डिस्कला उगाच सगळीकडे फिरवतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवून घ्या, फुकट आहे आणि डिस्कवर काही लिहीत नाही. त्यात ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळींसमोर (डिस्कच्या तब्येतीचे आकडे) काय येतं ते इथे टाका. नुसता सी७ वाढलेला असेल तर बहुधा केबलचा दोष. हब काढून डिस्क थेट लॅपटॉपला लावून बघा.

स्वरांगण_बंद:

आता सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं की. एवढा व्याप कशाला?

चाळकरी:

गिरगावातल्या दिवाणखान्यात झालेली बैठक कुठल्या अ‍ॅपवर मिळते तेवढं सांगा, मीही वर्गणी भरतो.

मुलुंडकरीण:

:) कीबोर्डे, बघितलं. ०५ शून्य, सी६ शून्य, सी७ शून्य. सी५ समोर बरेच शून्य आणि शेवटी १८. हे फार आहे का?

कीबोर्डे:

ते प्रोग्राम आकडे षोडशमान पद्धतीत (दहाऐवजी सोळाने मोजून) दाखवतं, म्हणजे १८ चे २४ झाले. इतक्या जागा डिस्कला वाचता आलेल्या नाहीत आणि त्यांचं काय करायचं हे तिनेही ठरवलेलं नाही. ४ टीबीच्या मानाने २४ काहीच नाही, पण आकडा वाढतोय का हे बघत बसू नका. नवी डिस्क येईपर्यंत ही लावूच नका.

आली की आधी ते ५०० जीबी उचला. सीड्या कपाटात आहेत, त्या पुन्हा रिप होतील. विकत घेतलेलं पुन्हा उतरवता येईल. बैठका परत होणार नाहीत. खर्च, वेळ, काळजी जे काय करायचं ते त्या सहाव्या हिश्शावर करा. २.९ टीबीला एकच न्याय लावायला गेलात की माणूस दमतो आणि काहीच होत नाही.

अख्खा फोल्डर ओढून टाकू नका, एक फाइल अडली की मागची सगळी रांग अडते. टेराकॉपी वापरा. अडलेली फाइल सोडून पुढे जाता येतं, न झालेल्यांची यादी शेवटी दिसते, आणि व्हेरिफाय चालू ठेवलंत तर दोन्हीकडच्या फाइली ताडून बघतं. अडलेल्या फाइली सगळ्यांत शेवटी, लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने. ते सोपा भाग आधी घेतं आणि खराब जागांकडे मागाहून वळतं. टक टकची खट खट झाली तर मात्र बंद करून सरळ रिकव्हरीवाल्याकडे. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवा असं सांगणारा कोणीतरी येईलच, त्याला चहा पाजा आणि विसरा.

ग्रँटरोडपूर्व:

डिस्क कोणत्या यावर माझे दोन आणे.

किमान दोन नव्या, आणि दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या नकोत. एकाच वेळी बनलेल्या डिस्क एकाच वेळी राम म्हणू शकतात. एक घरी टेबलावर राहणारी साडेतीन इंची, विजेचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागणारी. दुसरी खिशातली चालेल. खिशातल्या मोठ्या डिस्क बहुतेक एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे पट्टे एकमेकांवर किंचित चढवून लिहिलेले. एकदा भरून ठेवायला ठीक, पण रोज टॅग बदलून पुन्हा पुन्हा लिहीत बसलात तर रडतात. म्हणून नानांची रोजची डिस्क ती टेबलावरची.

एसएसडी कपाटात ठेवायला नको. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू गळतो, उकाड्यात जास्तच. रोजच्या लॅपटॉपला उत्तम, वर्षभराच्या ठेवीला हार्ड डिस्कच.

ऑनलाइन चार आकडी किमतीत १६ टीबीची एसएसडी दिसली तर ती खोटी आहे. आत छोटं मेमरी कार्ड असतं, विंडोजला आकडा मात्र १६ टीबी दाखवतं आणि जागा संपली की मुकाट्याने जुन्यावरच लिहितं. लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर सीलबंद आणि बिलासकट घ्या. कुठूनही घेतलीत तरी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं प्रोग्राम एकदा पूर्ण डिस्कवर चालवा. सगळी जागा लिहून परत वाचतं. मोठ्या डिस्कला दिवसभराच्या वर लागतं, लागू द्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, गाणी नाही.

आणि ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसणार. दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. तुमच्या २.९ ला ती पुरेल, पण वाढ धरून पुढची घ्या.

खर्जातला सा:

वेव्ह का ठेवलंय? फ्लॅक करा. एक कणही कमी होत नाही. खरा फायदा जागेचा नाहीच. कॅसेटची खरखर दाबली जात नाही, त्यामुळे फाइल निम्मी होईल अशी आशा ठेवू नका. फायदा असा की फ्लॅक फाइल बनतानाच मूळ आवाजाची एमडी५ खूण तिच्या पोटात लिहिली जाते. पाच वर्षांनी फ्लॅकचीच तपासणी चालवली की फाइल शाबूत आहे की कुठे सडली आहे ते लगेच कळतं. वेव्हमध्ये एखादा तुकडा बिघडला तर कोणीतरी नेमकी तीच तान ऐकेपर्यंत पत्ता लागत नाही.

शिवाय टॅग. वेव्हमध्ये टॅगची सोय असते, पण प्रत्येक प्लेअर ते आपल्या मनाने वाचतो. नानांचा मारवा-पूरिया फ्लॅकमध्ये सुखाने नांदेल.

आवाज साफ करण्याच्या भानगडीत मूळ फाइल बदलू नका. खरखर काढताना तानपुराही जातो. कॅसेटींच्या आतल्या कार्डांचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, तारीख आणि साथीदार तिथेच लिहिलेले असतात. कॅसेटी टाकू नका.

मुलुंडकरीण:

सगळ्यांना खूप धन्यवाद. दोन डिस्क आणल्या, तपासल्या, ५०० जीबी बाहेर आलं. ११ फाइली अडल्या, त्यांतल्या ८ दिरांच्या डिस्कवर धड निघाल्या. उरलेल्या तीनसाठी ती डीडीवाली खटपट दीर करणार आहेत, आणि तीन बैठकांच्या कॅसेटी घरात आहेतच. फ्लॅकला नाना तयार नव्हते, 'दाबलेलं गाणं' नको म्हणाले. एक फाइल फ्लॅक करून परत वेव्ह केली आणि दोन्ही तंतोतंत सारख्या असल्याचं दाखवलं, तेव्हा म्हणाले कर.

आता वेगळीच गंमत. तिसरी कॉपी म्हणून दिरांच्या एनएएसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) टाकायला गेले तर काही फाइली 'नाव फार लांब' म्हणून नाकारल्या. विंडोजवर त्याच बिनतक्रार चालतात. उदाहरणार्थ ही:

बागेश्री - विलंबित एकताल व द्रुत तीनताल - गिरगाव घरगुती बैठक दुसऱ्या दिवशीची - हार्मोनिअमची साथ नीट ऐकू येत नाही

कीबोर्डे:

नानांना दंडवत. :)

एनएएसच्या आत बहुधा लिनक्स असतं. तिथे नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. नुसत्या 'बागेश्री'चीच आठ झाली. वरच्या नावात नव्वद भरतात, रिकाम्या जागा आणि रेघा सोडून. विंडोज बाइट मोजत नाही, चिन्हं मोजतं, म्हणून तिथे चाललं.

दुसरा फटका 'दुसऱ्या'तल्या ऱ चा बसेल. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर तो र आणि नुक्ता असा सुटा करून साठवला जातो, विंडोजवर बहुधा एकसंध. डोळ्यांना नाव तेच, कॉम्प्युटरला दोन वेगळी. मॅकच्या डिस्कवरून आणलेलं जुळवताना एकच फाइल दोनदा दिसली तर नाना म्हणतील व्हायरस आला. फाइलींना नुसता क्रमांक आणि राग द्या, बाकीचं सगळं टॅगमध्ये. एमपी३टॅग नावाचं प्रोग्राम हे घाऊक करतं. नाव एमपी३ असलं तरी फ्लॅकही हाताळतं.

चाळकरी:

डिस्क ठेवणार कुठे? दोन्ही गिरगावात ठेवल्या तर दोन असून एकच. एक मुलुंडला न्या. आणि तळमजल्यावर किंवा माळ्यावर गळक्या कौलाखाली नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यात आमच्या कुर्ल्याच्या मावशीचं खालच्या कप्प्यातलं सगळं गेलं.

पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, रंग बदलला की पुड्या बदला. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच लावू नका, तासभर तशीच राहू द्या, आत दव धरतं. लोकलने नेताना मऊ कपड्यात गुंडाळून, बॅग मांडीवर. रॅकवर नको.

मुलुंडकरीण:

गणपतीला आणि पाडव्याला आम्ही गिरगावात जातोच. तेव्हा तिथली डिस्क इथे, इथली तिथे, अशी अदलाबदल ठरवली. क्लाउडचं काय?

कीबोर्डे:

५०० जीबीपुरतं जरूर करा. ५० एमबीपीएस अपलोड सलग मिळालं तर २२-२३ तासांचं काम. २.९ टीबीला पाच दिवसांच्या वर, शिवाय भाडं दर महिन्याला. सीडींसाठी कशाला?

नानांसाठी फ्रीफाइलसिंक, फक्त एकाच दिशेने: रोजच्या डिस्कवरून दुसरीकडे. त्यात व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे पुसलेली किंवा बदललेली फाइल उडत नाही, बाजूच्या फोल्डरमध्ये जाते. कोणी विंडोजच्याच रोबोकॉपीचं मिरर सुचवलं तर जपून. नानांनी चुकून फोल्डर पुसला की तेही इमानाने दुसरीकडचा पुसून टाकतं.

मुलुंडकरीण:

शेवटचा प्रश्न. डिस्कचा फॉरमॅट कोणता? दीर म्हणतात एक्सफॅट, म्हणजे मॅकलाही चालेल.

ग्रँटरोडपूर्व:

नाना विंडोजवरच राहणार असतील तर रोजची डिस्क एनटीएफएस. मॅकला ती वाचता येते, लिहिता येत नाही, आणि ते बरंच आहे. :) फिरणारी डिस्क एक्सफॅट चालेल, पण तिच्यात चालू बदलांची नोंदवही नसते, मध्येच केबल ओढली तर गोंधळ होतो. 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय काढायची नाही हे नानांना कागदावर लिहून डिस्कला चिकटवून द्या. आणि फॉरमॅट बदलायचा असेल तर आत्ताच, उरलेलं २.४ टीबी भरायच्या आधी. नंतर सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागेल.