टॅब्लेटमध्ये ई-सिम वापरताय का? तुमचे अनुभव हवे आहेत

मुलुंडहून

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्चुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेली रक्तवाहिनी. त्यात दोन सुया, त्यामुळे तो हात हलवायचा नाही. उजव्या हातात फोन धरून क्रिकेट बघायचं तर अर्ध्या तासात मनगट भरून येतं. म्हणून दिवाळीत त्यांना टॅब्लेट घेतला, खुर्चीला अडकवायचा स्टँडही आणला. पण टॅब्लेट नुसता वायफायचा. डायलिसिस सेंटरचं वायफाय थोड्या थोड्या वेळाने ओटीपी मागतं. मग आई आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून चार तास शेजारी बसून राहते. ती खाली चहाला गेली की सामना थांबतो, आणि सामना थांबतो म्हणून ती चहाला जातच नाही.

आता सिमवाला आयपॅड घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणाला, यात सिमचा ट्रेच नाही, ई-सिमच लागेल, म्हणजे आतच बसवलेलं, बाहेर न काढता येणारं सिम. मला जाहिरातीतली माहिती नको. ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगा: चालू कसं केलं, कुठे अडलं, डेटा किती जातो.

ठाण्याहून

दुकानदार बरोबर सांगतोय. मे २०२४ मध्ये आलेल्या आयपॅड प्रो आणि आयपॅड एअरला ट्रे नाही, सेल्युलर (सिमवालं) मॉडेल घेतलंत तर ई-सिमच. मी असाच एक घेतला आणि सुरू करण्यात अख्खा रविवार गेला. तुमचा जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

टॅब्लेटसाठी नवीन प्रीपेड नंबर घेतला. आधी तो साधं सिम म्हणूनच मिळाला, कारण ई-सिमची विनंती त्याच नंबरवरून एसएमएसने करायची होती. ते सिम बायकोच्या जुन्या फोनमध्ये घालून सुरू केलं. पुढे ईआयडी, म्हणजे टॅबमधल्या ई-सिमचा ओळख क्रमांक हवा. दुकानातल्या मुलाने फोनवर सांगितलं, ‘स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबा, येईल.’ पण आयपॅडला डायलरच नाही, दाबायचं कुठे? शेवटी सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, त्यात ‘अबाउट’ असं जाऊन तो सापडला. ३२ आकडी असतो. मी चार-चार आकडे वाचत गेलो आणि मुलीने ते किराणाच्या बिलामागे लिहून घेतले. एक आकडा चुकला होता, म्हणून पहिली विनंती परत आली.

दुसऱ्यांदा जमलं. ईमेलवर क्यूआर कोड आला, आणि मी तो उत्साहाने आयपॅडवरच उघडला. आता त्याच्याच पडद्यावरचा कोड त्याच्याच कॅमेऱ्याने कसा टिपणार? मेल फोनवर उघडा, किंवा कोड छापून घ्या. तो एकदाच चालतो, त्यामुळे घाईत भलत्या उपकरणावर स्कॅन करू नका. आणि ई-सिम उतरवून घेताना टॅब्लेटला इंटरनेट लागतं, तेव्हा हे घरच्या वायफायवर करा. डायलिसिसच्या खुर्चीशी करायचं काम नव्हे हे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आयपॅडमधल्या नंबरवर साधा कॉल येत नाही, साधा एसएमएसही दिसत नाही. तो फक्त डेटासाठी. बँक, गॅस, आधार, कुठेही तो नंबर देऊ नका.

दादरहून

वरचा शेवटचा परिच्छेद मला सहा महिन्यांपूर्वी वाचायला मिळाला असता तर!

मला वाटलं, ई-सिम म्हणजे माझ्याच नंबरची जोडगोळी, एक फोनमध्ये आणि एक टॅबमध्ये. स्मार्ट घड्याळाचं तसं असतं म्हणून मी टॅबचंही धरून चाललो. माझ्या मुख्य नंबरवरूनच विनंती पाठवली, आलेल्या मेसेजला ‘१’ असं उत्तर दिलं, कोड स्कॅन केला. दहा मिनिटांत टॅबवर डेटा सुरू झाला आणि फोनवर नेटवर्क गेलं. अख्खा नंबर टॅबमध्ये गेला होता. त्याच दिवशी पुतणीच्या लग्नाच्या हॉलचे पैसे भरायचे होते आणि ओटीपी जिथे जात होता तिथे तो दिसणारच नव्हता.

आधार घेऊन दुकानात गेलो, तासाभरात नवं सिम मिळालं. पण सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद ठेवतात. फसवणूक होऊ नये म्हणून दूरसंचार विभागाने २०२२ पासून हा नियम केलाय. नियम योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हॉलचे पैसे भावाने भरले. तुम्ही बाबांच्या किंवा आईच्या चालू नंबरला हात लावू नका, वेगळाच नंबर घ्या.

डोंबिवलीहून

सीएची आर्टिकलशिप करतेय. सकाळची फास्ट, बसायला मिळालं तर चौथी सीट, नाहीतर दाराजवळच्या पॅसेजमध्ये उभं राहून टॅबवर नोट्स.

आधी फोनच्या हॉटस्पॉटवर चालवायचे आणि रोजचे २ जीबी दुपारच्या आतच संपायचे. कळेना जातात कुठे. माझा फोन अँड्रॉइड. त्याचा हॉटस्पॉट आयपॅडला साधं वायफायच वाटायचं, आणि वायफाय मिळालं की तो बिनधास्त फोटो वर चढवायचा, ॲप अपडेट करत बसायचा. स्वतःचं सिम आल्यावर त्याला कळतं की हा मोबाईल डेटा आहे, जपून वापरायचा. तरी मी एकेका ॲपचा मोबाईल डेटा सेटिंग्जमध्ये जाऊन बंद केलाय. फोटो, क्लाउड, ॲप स्टोअर, सगळं बंद. ‘लो डेटा मोड’ चालू. लेक्चर रात्री घरी उतरवून ठेवते. आता दिवसाला अर्धा जीबीही जात नाही, आणि फोनची बॅटरी संध्याकाळी परत येताना शिल्लक असते. रात्री साडेआठला कुर्ल्याला गाडी रखडते तेव्हा घरी फोन लावता येणं माझ्यासाठी महत्त्वाचं आहे.

परळहून

बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे. वास्तुविशारदाकडून सुधारित नकाशे सारखे येतात आणि स्लॅब भरण्याआधी सळ्यांची मांडणी टॅबवर मोठी करून बघायची असते.

मी रोजच्या डेटाचा पॅक घेतला होता, ती चूक. दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. हिशोब करून बघा: २० एमबीची पीडीएफ त्या वेगाने उतरायला चाळीस मिनिटांच्या वर लागतात. काँक्रीटचा मिक्सर दारात उभा, ड्रम फिरतोय, आणि मी पडद्यावरचं चाक फिरताना बघतोय. त्यानंतर रोजची मर्यादा नसलेला, महिन्याचा एकत्रित डेटा घेतला. काही दिवशी शून्य जातो, काही दिवशी चार जीबी. तुमच्या बाबांचंही तसंच होणार. आठवड्यात तीनच दिवस वापर, पण त्या दिवशी भरपूर. रोज थोडं थोडं देणारा पॅक तुमच्या कामाचा नाही.

आणि तिथे आत रेंज कोणाची येते ते आधी बघा. आईच्या फोनवर जी कंपनी त्या खुर्चीपाशी नीट चालते, तीच घ्या.

गिरगावहून

मी सहा महिने वापरून बंद केलं. घरी वायफाय, ऑफिसात वायफाय, मधे चालत दहा मिनिटं. माझ्यासारख्याला गरज नाही, सेल्युलर मॉडेलला दिलेले जास्तीचे पैसे वाया गेले. तुमची गोष्ट निराळी आहे, तुम्ही घ्या.

बोरिवलीहून

लिहू की नको असं चाललं होतं, पण हा फायदा कोणी सांगितला नाही.

चर्चगेटहून विरार गाडीत बसले होते. टॅब पिशवीत, पिशवी वर रॅकवर. बोरिवलीला उतरताना गर्दीच्या रेट्यात पिशवी राहिली. जिन्यावर आल्यावर लक्षात आलं तेव्हा गाडी सुटली होती. फोनवर ‘फाइंड माय’ उघडलं, तर ठिपका दहिसरच्या पुढे सरकत होता. मिस्टर म्हणाले, आधी सिम बंद कर, कोणी वापरेल. मी म्हटलं नाही, डेटा चालू आहे म्हणून तर तो दिसतोय. तेवढं खरं होतं. साधं सिम असतं तर कोणी काढून फेकलं असतं, ई-सिम बाहेर काढता येत नाही. पडद्यावर माझा फोन नंबर दिसेल असं केलं आणि रेल्वेच्या १३९ वर फोन लावला. बायकांचा कितवा डबा, कुठल्या बाजूचा रॅक, पिशवीचा रंग, सगळं सांगितलं. ठिपका भाईंदरची खाडी ओलांडून गेला, नायगाव, वसई, नालासोपारा. विरारला थांबला. पाऊण तासाने मी तिथे पोचले तेव्हा पिशवी टेबलावर होती. आतला डबासुद्धा जसाच्या तसा.

सेल्युलर टॅबला आयएमईआय नंबर (त्या उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) असतो तो लिहून ठेवा. चोरीच झाली तर पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडून दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून तो ब्लॉक करता येतो. नुसत्या वायफायवाल्या टॅबला आयएमईआय नसतो.

वर्सोव्याहून

आम्ही कोळी, घरची बोट. तुमच्या कामाशी याचा संबंध थोडा, पण टॅब घेताय म्हणून सांगतो: वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सेल्युलरवाल्यात असतं. बंदर सोडून बरंच आत गेलं की डेटा जातो, पण नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर आपला ठिपका हलत राहतो, कारण तो उपग्रहावरून येतो. बोटीवरची यंत्रं आहेतच. पण माझ्या बाबांना म्हाताऱ्या डोळ्यांनी मोठ्या पडद्यावर दिसतं ते वेगळं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेव्हा टॅबचा डेटा पॅक मारत नाही. फक्त फार दिवस विसरू नका, ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो.

विलेपार्ल्याहून

सिंगापूरला जाताना तिथला डेटा ई-सिम म्हणून टॅबमध्येच घेतला. इथल्या ई-सिमशेजारी तो बसतो, एका वेळी एकच चालू ठेवायचा. फोनमधलं आपलं सिम तसंच राहिलं, ओटीपी येत राहिले. पार्ल्याचं घर बंद असताना वीजबिल तिकडूनच भरलं.

चेंबूरहून

ज्येष्ठांसाठी घेताय म्हणून एक इशारा. ‘कंपनीतून बोलतोय, तुमचं ई-सिम अपग्रेड करतो, आलेल्या मेसेजला हो म्हणा’ असा फोन आमच्या मामींना आला होता. त्यांनी हो म्हटलं असतं तर त्यांचा नंबर त्या माणसाच्या फोनमध्ये गेला असता, आणि मागोमाग बँकेचे ओटीपी. मामींनी आधी मला विचारलं म्हणून वाचलो. आईबाबांना आत्ताच सांगून ठेवा: आपण स्वतः विनंती केलेली नसेल तर कुठल्याही मेसेजला ‘१’ पाठवायचा नाही. चुकून झालंच आणि पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन.

मुलुंडहून

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक ओळ आईला वाचून दाखवली.

सेल्युलर आयपॅड घेतला. नंबर माझ्या नावावर, वेगळा, फक्त डेटासाठी. ईआयडी आईने वाचला, मी लिहिला, दोनदा ताडून पाहिला. क्यूआर कोड कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतला. रोजची मर्यादा नसलेला पॅक. चित्राचा दर्जा मधला ठेवलाय, तिथल्या खुर्चीतून तेवढं पुरतं. पहिल्या आठवड्यातल्या तिन्ही खेपा मिळून साडेपाच जीबी गेले.

काल मी कामावरून थेट तिथे गेले. बाबांच्या खुर्चीशेजारचं स्टूल रिकामं होतं. त्यांनी उजव्या हाताने आवाज कमी केला आणि म्हणाले, ‘आई खाली गेलीय. चहा पिऊन पार्कात दोन फेऱ्या मारून येते म्हणाली.’