पेठेतल्या जुन्या दुकानाची इमारत: तुमच्याकडे काय ऐकलंत, काय सापडलं?

तालुक्याच्या गावची पेठ म्हणजे खाली किराणा-भुसार, मागे कोठार, वर बिऱ्हाड. अशा इमारतीत वाढलात किंवा नुसते पुडी बांधून घ्यायला गेलात, तरी लिहा. "शंभर वर्षं जुनी" एवढंच नको. ते कशावरून, तेही सांगा.

*

आमचं दुकान कोकणातलं. कौलांवर १८६५ असं ठसठशीत उमटलेलं, त्यामुळे अख्खी भावकी इमारत १८६५ची म्हणते. ते साल बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला त्याचं. शिक्क्यातच ते असे, कौल पुढे कधीही पाडलेलं असो. काकांना हे अजून पटलेलं नाही. मागच्या पडवीवर कॉमनवेल्थ छापाची कौलं आहेत, ती नक्की पहिल्या महायुद्धानंतरची. युद्धात मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि ते पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे एकतर पडवी नंतर काढली, नाहीतर माकडांनी फोडलेली कौलं बदलली. आमच्याकडची माकडं बघता दुसरंच खरं असावं.

*

आमच्या दुकानाला दार नव्हतंच, फळ्या होत्या. उंबऱ्याच्या खाचेत एकेक सरकवायची. प्रत्येकीवर पटाशीने आकडा कोरलेला, क्रम चुकला की शेवटची बसायची नाही. आजोबा एक फळी उशिरापर्यंत उघडी ठेवत, कुणाला बाळंतिणीसाठी डिंक-खारीक लागली तर. पुढे शटर आलं आणि फळ्यांची मांडणी झाली. आकडे अजून वाचता येतात.

*

माळ्यावर पायली, अधोली, शेर सगळी मापं आहेत, पण मला भिंत जास्त आवडते. गल्ल्यामागे तैलरंगात आणे आणि नव्या पैशांचं कोष्टक रंगवलंय. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले, तेव्हा तो रंग त्यानंतरचाच. रुपयाचे आणे १६ आणि पैसे १००. चार आण्यांचे पंचवीस सरळ, पण एका आण्याचे सव्वासहा! तो पाव पैसा दुकानदाराचा की गिऱ्हाइकाचा, यावरून आजीच्या म्हणण्याप्रमाणे रोज तंटा. तो मिटतोय तोवर १९५८च्या ऑक्टोबरपासून किलो यायला लागले. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, त्यामुळे "किलोत जास्त मिळतं" असं बायका म्हणायच्या आणि भाव बघून परत शेरच मागायच्या.

*

कौलवाल्यांना: नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि चौकशी नोंदवहीचा उतारा काढा. बांधकामाचं साल मिळेलच असं नाही, पण जागा कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतं. नगरपालिकेत जुन्या घरपट्टीच्या आकारणी वह्या असतील तर त्याही बघा. चोपड्या मोडीत असतील तर रद्दीत घालू नका, वाचणारे अजून आहेत.

*

सगळे मालकांचेच अनुभव दिसतायत, म्हणून लिहिते. आम्ही भाडेकरू. १९४७च्या भाडे कायद्याने भाडं गोठलं. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशाची करू. आम्ही म्हणायचो, दुसऱ्याच्या भिंतीला गिलावा का द्यायचा. पाडायचं म्हटलं तर मात्र दोघांची संमती कधी जुळली नाही. आमची इमारत टिकली ती कुणाच्या वारसाप्रेमामुळे नव्हे, या रस्सीखेचीमुळे. आता बिल्डर आलाय. जागेचं जमलं, सागवानी खांब कुणाचे यावर अडलंय.