मदत हवी आहे: भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, त्रास काहीच नाही पण कॅलप्रोटेक्टिन ४१२ आलंय

नमस्कार मंडळी,

धागा धाकट्या भावासाठी काढतेय. वय २७, कोल्हापूरला असतो, शिरोली एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, मी इकडे चिंचवडला. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा दीर्घकाळ चालणारा आजार, २०२३ मध्ये निदान झालं. त्याआधी कितीतरी महिने संडासवाटे रक्त आणि आव पडायची, पोटात मुरडा यायचा, आणि तिथल्या डॉक्टरांनी मूळव्याध समजून मलम आणि इसबगोल दिलं, एवढ्या तरण्या पोराला दुसरं काय असणार असंच सगळ्यांना वाटलं. वजन उतरायला लागलं तेव्हा पोटाच्या स्पेशालिस्टकडे नेलं, कोलोनोस्कोपी झाली, तुकडा तपासायला पाठवला आणि कळलं की मोठ्या आतड्याची डावी बाजू आतून सुजलीये. आतड्याचा टीबी नाही ना तेही तेव्हाच बघून घेतलं होतं.

सुरुवातीला स्टिरॉइडचा कोर्स झाला, तो हळूहळू कमी करत बंद केला, आणि मेसालामाइन (आतड्याची सूज आटोक्यात ठेवणारं औषध) चालू राहिलं, १.२ ग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी एकदम. त्याने खरंच छान फरक पडला. गेलं वर्षभर दिवसातून एकदा किंवा दोनदा जातो, रक्त नाही, आव नाही, रात्री उठावं लागत नाही, एसटीने पुण्याला येतो जातो, जे आधी स्वप्नात पण शक्य नव्हतं.

आता झालंय असं की डॉक्टरांनी फॉलोअपला रक्त आणि संडासच्या टेस्ट सांगितल्या आणि रिपोर्ट बघून मी चक्रावलेय. स्टूल कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारी संडासची टेस्ट, ४१२, खाली लिहिलंय ५० पर्यंत नॉर्मल. सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) मात्र ४, म्हणजे नॉर्मल. ईएसआर, ती पण तसलीच टेस्ट, २८. हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ७२, हे दोन्ही कमी, आणि प्लेटलेट ४ लाख ६० हजार, म्हणजे थोड्या जास्त. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ४६, त्यावर लॅबने काही खूण केली नाही कारण त्यांच्या रेंजमध्ये बसतंय, पण ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात प्रत्यक्ष वाहून नेलं जाणारं लोह) ११ टक्के आणि त्याच्यापुढे खालचा बाण आहे. बी१२ १६८, व्हिटॅमिन डी १४, दोन्ही कमी. क्रिएटिनिन आणि लिव्हरचं सगळं ठीक.

डॉक्टरांचं म्हणणं, आत अजून सूज आहे, गोळीचा डोस वाढवू, सोबत रात्री मेसालामाइनचा एनिमा घ्यायचा, दोनेक महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन परत करू आणि नाही उतरलं तर सिग्मॉइडोस्कोपी करून, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात दुर्बीण घालून, आत बघू. हे सगळं त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं, बाहेर चाळीस पेशंट बसलेले, मी त्यांना दोष देत नाही, पण भाऊ बाहेर आला तो एकच वाक्य धरून, मला काही होत नाहीये तर मी एनिमा कशाला घेऊ. आणि आई त्याच्या बाजूने. आईचं वेगळंच चाललंय, त्याला स्थळं बघायला सुरुवात केलीये आणि तिला वाटतंय घरात गोळ्यांचे डबे आणि एनिमाच्या बाटल्या दिसल्या तर कोण मुलगी देणार, त्यापेक्षा सगळं बंद करून वैद्यांकडून कुटजारिष्ट आणू, बेलाचा मुरंबा देऊ, आता बराच झालाय की तो. आईला मी वाईट म्हणणार नाही, दोन हजार तेवीस साली तिने त्याला रात्र रात्र धरून बसवलंय, तिला तो आजार परत घरात यायलाच नकोय, नाव पण काढायचं नाहीये.

मी जेवढं वाचलं आणि समजून घेतलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा. कॅलप्रोटेक्टिन म्हणजे आपल्या पांढऱ्या पेशींमधलं, न्यूट्रोफिलमधलं प्रोटीन. आतड्याच्या अस्तराला सूज असली की या पेशी तिथे गोळा होतात, फुटतात आणि ते प्रोटीन संडासमध्ये उतरतं. म्हणून ही टेस्ट थेट आतड्याबद्दल बोलते, आणि सीआरपी रक्तातली असल्यामुळे अख्ख्या शरीराबद्दल. कोलायटिसमध्ये सूज फक्त आतल्या पातळ थरात असते त्यामुळे सीआरपी नॉर्मल राहूनही आत सूज असू शकते. साधारण ५० च्या खाली चांगलं, २५० च्या वर असेल तर सूज असण्याची शक्यता बरीच, मधलं सगळं धूसर. म्हणजे ४१२ ला नुसतं थोडं वाढलंय म्हणून सोडता येत नाही, पण एका आकड्यावर घाबरून पण जायचं नाही असं मला वाटतं. बरोबर आहे का?

दुसरं म्हणजे ते फेरिटिन. डॉक्टरांनी आयर्नची इंजेक्शनं पण सांगितलीयेत, तर लॅबच्या कागदावर नॉर्मल आहे मग ती कशाला असं भाऊ विचारतो आणि मला उत्तर देता आलं नाही. कोणाला माहीत असेल तर सोप्या भाषेत सांगा, मी त्याला वाचून दाखवणार आहे.

आणि खरा प्रश्न हा की ज्यांना असा आजार आहे आणि मधे काहीच त्रास नव्हता, तुम्ही रिपोर्टवर विश्वास ठेवलात की स्वतःच्या पोटावर? पुढे काय झालं? त्याला डॉक्टरचं नको, घरच्यांचं नको, ज्याने भोगलंय त्याचं ऐकेल तो.

प्रतिसाद

ताई, मला हाच आजार आहे, १४ वर्षं झाली, ठाण्याला असतो. भावाला माझा नमस्कार सांगा.

आधी एक विचारतो, टेस्टच्या आधी दोन-तीन आठवड्यांत त्याने कुठली पेनकिलर घेतली होती का? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, मेडिकलवाला पाठदुखीला देतो ती पांढरी-पिवळी गोळी, काहीही. या गोळ्यांनी कॅलप्रोटेक्टिन वाढू शकतं, आणि आपल्यासारख्यांचा आजार पण उसळू शकतो. तसंच बाहेरचं खाऊन जुलाब झाले असतील तरी वाढतं. म्हणून डॉक्टर परत टेस्ट करू म्हणतात ते बरोबर आहे. परत करताना त्याच लॅबमध्ये करा, प्रत्येक कंपनीच्या किटचा आकडा थोडा वेगळा येतो, दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. शक्यतो सकाळची पहिली संडास द्या आणि सँपल लवकर पोचवा.

फेरिटिनचं सांगतो. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचं गोदाम, पण अंगात सूज असली की फेरिटिन आपोआप वर जातं, लोह नसलं तरी. म्हणून निरोगी माणसाचा नियम आपल्याला लागू होत नाही. युरोपातल्या आतड्याच्या डॉक्टरांच्या गाइडलाइनमध्ये सरळ दिलंय, सूज नसेल तर फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोह कमी, पण सूज असेल तर १०० पर्यंत असलं तरी लोह कमी असू शकतं. त्याचं ४६, सॅच्युरेशन ११, एमसीव्ही ७२, प्लेटलेट वाढलेल्या, हे चारही एकाच दिशेला बोट दाखवतायत. लॅबचं मशीन एकेक ओळ बघतं, डॉक्टर सगळ्या ओळी एकत्र बघतात. गोळ्या ऐवजी शिरेतून लोह देतात ते मुद्दाम, कारण सूज असताना तोंडाने घेतलेलं लोह नीट शोषलं जात नाही आणि पोट बिघडतं ते वेगळंच. तो थकतो का विचारा. मला लोह चढवल्यावर कळलं की मी किती थकलेलो होतो, तोवर मला वाटायचं लोकल प्रवासाने होतंय.

आता तुमचा खरा प्रश्न. मी पोटावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी होतो. आतडं फार सोशिक असतं, सूज बरीच वाढेपर्यंत काही सांगत नाही, आणि एकदा सांगायला लागलं की बरेचदा स्टिरॉइडशिवाय ऐकत नाही. आता हल्ली डॉक्टर नुसतं पेशंटला बरं वाटतंय यावर थांबत नाहीत, कॅलप्रोटेक्टिन उतरलं पाहिजे आणि आतलं अस्तर भरून आलं पाहिजे हे ध्येय धरतात, कारण अस्तर भरलेलं असेल तर परत उसळायची, अ‍ॅडमिट व्हायची शक्यता कमी होते. एनिमाची लाज मलाही वाटायची. पण डाव्या बाजूच्या आजारात औषध थेट जागेवर पोचतं, गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून नुसत्या गोळीपेक्षा चांगलं काम करतात. झोपायच्या आधी संडासला जाऊन यायचं, बाटली थोडा वेळ हातात धरून कोमट करायची, डाव्या कुशीवर झोपून घ्यायचं आणि तसंच अर्धा तास पडून राहायचं. पहिले दोन-तीन दिवस टिकत नाही, गळतं, जुना टॉवेल खाली घाला, मग जमतं.

प्रतिसाद

वरच्या दादांनी चांगलं लिहिलंय. एकच भर घालते, माझी मुलगी पेशंट आहे. बी१२ कमी आलंय त्याचा कोलायटिसशी संबंध जोडून घाबरू नका, बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि कोलायटिस मोठ्या आतड्याचा आजार. तुम्ही शाकाहारी आहात का? असाल तर बहुतेक तेच कारण. पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि आईंना सांगा, ताक आणि बेल बंद करायला कोणी सांगत नाहीये, दूध सोसत नसेल त्यालाही ताक बरेचदा सोसतं. कुटज द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, गोळी चालू ठेवून. गोळीच्या बदल्यात मात्र नको. मेसालामाइन बरं वाटल्यावर बंद करायचं औषध नाही, बरं वाटत राहावं म्हणून घ्यायचं औषध आहे.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे खूप खूप आभार, रात्री फोनवर भावाला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं.

पेनकिलरचं विचारलंत ते बरं झालं. घोटा आणि गुडघा दुखतो म्हणून कंपनीशेजारच्या मेडिकलमधून गोळ्या घेत होता, टेस्टच्या आदल्या आठवड्यात पण घेतल्या होत्या, आणि हे त्याने डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं कारण त्याच्या मते सांधे वेगळे आणि पोट वेगळं. आज सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले त्या गोळ्या आजपासून बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि सांधे दुखणं हे या आजाराचंच बाहेरचं रूप असू शकतं, आतड्यातली सूज वाढली की काहींचे मोठे सांधे पण धरतात, त्यामुळे येऊन दाखवा. म्हणजे मला काहीच होत नाहीये हे वाक्य तसं पूर्ण खरं नव्हतं, त्याला फक्त ते पोटात होत नव्हतं. थकव्याचं विचारलं तर म्हणाला नाइट शिफ्टमुळे होतंय. मी काही बोलले नाही, लोह चढवून बघू मग बोलू.

एनिमा आणि वाढवलेली गोळी आत्ताच सुरू करायची की आधी पेनकिलर थांबवून टेस्ट परत करायची हे मी विचारलं. ते म्हणाले हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट बघता नुसत्या पेनकिलरवर ढकलता येणार नाही, उपचार सुरू करा, टेस्ट ठरल्याप्रमाणे नंतर करू. मला पटलं. त्यांनी हेही सांगितलं की दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि सोबत ताप किंवा छातीत धडधड असेल तर फोन करत बसायचं नाही, सरळ अ‍ॅडमिट व्हायला यायचं. हे मी मोठ्या अक्षरात लिहून भावाला आणि त्याच्या रूममेटला पाठवलंय.

हो, आम्ही माळकरी, अंडं पण नाही घरात. बी१२ ची इंजेक्शनं आणि डीची आठवड्याची पावडर दिलीये.

आईशी बोलणं बाकी आहे, रविवारी गावी जातेय. कुटजारिष्टाचं जमेल, ती ऐकेल. लग्नाचं अवघड आहे. माझं मत स्पष्ट आहे, बोलणी पुढे गेली की मुलीला आणि तिच्या घरच्यांना आजाराचं नाव आणि औषध दोन्ही सांगायचं, लपवून नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की या आजारात संसार, मुलंबाळं काही अडत नाही, जुनी सल्फासालाझिन म्हणून गोळी आहे तिने पुरुषांचे शुक्राणू कमी होतात, ते पण गोळी बंद केली की पूर्ववत होतात, आणि हा तर ती घेतच नाहीये. पण आईला हे मी सांगितलं तर ती म्हणेल तू शहरात राहतेस, तुला काय कळतंय गावातलं.

तर ज्यांनी लग्न ठरवताना हे सांगितलंय त्यांनी प्लीज लिहा, पहिल्या भेटीतच सांगितलंत की नंतर, मुलाने स्वतः सांगितलं की घरच्यांनी, आणि समोरच्यांनी काय काय विचारलं. नाव-गाव नको, नुसतं कसं सांगितलं तेवढं लिहिलंत तरी रविवारच्या आत मला उपयोग होईल. इथे लिहायला अवघड वाटत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.