मदत हवी आहे: सांगलीत शोसाठी ड्रमकिट भाड्यानं कुठं मिळेल?

पुढच्या शनिवारी विश्रामबागेतल्या एका बारमध्ये आमचा आणि कोल्हापूरच्या एका पंक बँडचा शो आहे, दोघं एकाच किटवर वाजवणार. अँप आमचे, मिक्सर-माइक साउंडवाल्याचे, फक्त किट नाही. मिरजेत विचारलं तर सतार-तंबोरा पाहिजे तेवढे, पण ड्रम भाड्यानं नाहीत. लग्नाच्या बँडवाल्यांकडं ढोल आहे पण त्याला पेडल बसत नाही आणि पंकमध्ये किकच (पायानं पेडल मारून वाजवायचा मोठा ड्रम) नसली तर कसं चालेल. ऑक्टोपॅड वाजवून बघितला, मजा नाही येत, तो नको. किक, स्नेअर, हाय-हॅट, एक क्रॅश एवढं बास, सिंबल (हाय-हॅट, क्रॅशच्या पितळी थाळ्या) थोडी चिरलेली असली तरी चालेल. दहाच्या आत संपवणार, रात्रीच परत आणून देऊ, डिपॉझिट देतो, टेम्पो आमचा. सांगली-मिरज-जयसिंगपूरकडं कोण देतं आणि एका रात्रीचं भाडं साधारण किती घेतात?