मदत हवी आहे : लष्कर घटनेतून बाहेर कसं काढतात?

दादरच्या अभ्यासवर्गासाठी म्यानमारवर टिपण करतोय. खरी गाठ तिथल्या 2008च्या घटनेत आहे. संसदेच्या 25 टक्के जागा लष्कराच्या, आणि दुरुस्तीला 75 टक्क्यांहून जास्त मतं हवीत. म्हणजे निवडून आलेले सगळे एक झाले तरी एक लष्करी मत फुटावंच लागतं. गृह, संरक्षण, सीमा ही खातीही सरसेनापतीच्या माणसांकडे. त्यामुळे तिथे नुसत्या निवडणुकीवर भिस्त ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

पोर्तुगालमध्ये 1974च्या उठावानंतर वर्षभरात संविधानसभा निवडली गेली, तरी लष्करी क्रांती परिषद 1982च्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकलीच. तिथे पक्षांनी दोन-तृतीयांश मतं जुळवली. कशाच्या बदल्यात? याचे तपशील मराठीत किंवा इंग्रजीत कुठे मिळतील? कलिन्याच्या विद्यापीठ ग्रंथालयात काही असेल तर नाव कळवा.