सेवेसाठी थेट जर्मनी? शिवडी-वांद्र्यात काय कमी आहे?

शिवडीकर

आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी पुढच्या महिन्यात वर्षभरासाठी जर्मनीला चालली आहे. नोकरी नाही, एम.एस. नाही. एका छोट्या संस्थेच्या घरात बौद्धिक दिव्यांग प्रौढ राहतात, त्यांच्यासोबत राहून स्वयंसेवक म्हणून काम करायचं. राहणं, जेवण, विमा आणि थोडा हातखर्च संस्था देते. जर्मन सरकारची रीतसर योजना आहे ती. तिथे २०११ पर्यंत सक्तीची लष्करी सेवा होती आणि ज्यांना बंदूक नको ते तरुण अशा संस्थांमध्ये काम करायचे. सक्ती थांबली, हे हक्काचे हात गेले, म्हणून त्याच वर्षी ही योजना आली. आता ती रिकामी जागा भरायला आपली मुलं.

मुलगी गुणी आहे, तिच्यावर राग नाही. राग आहे तो परवा पूजेला जमलेल्या मंडळींवर. 'केवढं मोठं मन!' म्हणत जो तो पाठ थोपटत होता. अहो, १९४४ साली सुरू झालेली बौद्धिक दिव्यांग मुलांची जय वकील शाळा आमच्या शिवडीतच आहे. तिच्या फाटकातून आत गेलेला माणूस त्या पूजेला शोधावा लागला असता.

मोठ्या संस्थांचं सोडा. हाजी अलीचं पुनर्वसन केंद्र, अंधांसाठी काम करणारी वरळीची नॅब, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी म्हणून सुरू झालेली अडॅप्ट, यांना नाव आहे, देणगीदार आहेत. मी ज्या छोट्या संस्थेचे हिशेब बघतो ती एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत चालते. दोन शिक्षिका, एक मावशी आणि अठरा वर्षांवरची मुलं, म्हणजे शाळा संपली आणि पुढे काहीच नाही अशी. दुपारी डबा खाताना प्रत्येकाशेजारी कुणीतरी बसायला लागतं. तेवढा माणूस मिळत नाही. एनएसएसचे वर्षाचे १२० तास भरायला कॉलेजची मुलं येतात, तक्ते रंगवतात, फोटो काढतात. भिंतीला आता जागा उरलेली नाही.

शिवाय ज्याला नीट बोलता येत नाही त्याच्या मनातलं ओळखायला निदान आपली भाषा तरी पक्की हवी. मोडक्या जर्मनमध्ये ही मुलगी काय ओळखणार? माझं मत: आधी इथे दोन वर्षं करा, मग खुशाल जा. कुणाला पटत नसेल तर सांगा.

बोरिवली_फास्ट

काका, तुम्ही फारच भोळे. सेवाबिवा काही नाही, ही व्हिसाची शिडी आहे. एक वर्ष तिथे राहायचं, भाषा पक्की करायची, मग नर्सिंगचं नाहीतर तत्सम प्रशिक्षण धरायचं आणि कायमचं तिकडेच. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तेव्हापासून तर गल्लोगल्ली जर्मनचे क्लास निघालेत. माझ्या मावसभावाकडून एका एजंटने नुसती 'संस्था मिळवून देतो' म्हणून लाखाच्या वर उकळले. फुकट राबायला जायचं आणि त्यासाठी पैसे मोजायचे!

राइनकाठी

मी गिरगावातली. याच योजनेतून आले, वर्ष पूर्ण केलं, मग तीन वर्षांचं दिव्यांग-सहाय्यकाचं प्रशिक्षण घेतलं आणि आता इथेच नोकरी करते. म्हणजे बोरिवलीकरांच्या हिशेबाने मी शिडी चढलेली. हो, चढले. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मुंबईत बीए होऊन मॉलमध्ये उभी होते तेव्हा कुणी माझा हेतू तपासला नव्हता.

एजंटबद्दल मात्र शंभर टक्के बरोबर. स्वयंसेवकाने संस्थेला एक पैसाही द्यायचा नसतो. भाषेची परीक्षा, व्हिसा आणि ठरलं असेल तसं तिकीट, एवढाच आपला खर्च. मी काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले आणि संस्थांना स्वतः ईमेल लिहिले. बऱ्याच जणांनी उत्तरही दिलं नाही, तो भाग वेगळा.

आता भाषेचं. आमच्या संस्थेच्या घरात डाउन सिंड्रोम असलेले एक आजोबा आहेत. नवीन स्वयंसेवक आला की हे त्याला टेबल मांडायला शिकवतात. सुरी कुठे, चमचा कुठे, प्रत्येक वस्तू उचलून तिचं नाव घेतात आणि समोरच्याने नीट म्हटल्याशिवाय पुढची वस्तू उचलत नाहीत. मी अर्धी जर्मन त्यांच्याकडून शिकले. मोडकी भाषा बोलणारी मी त्या घरात सगळ्यात अडाणी होते आणि ते त्यांना फार आवडायचं. इतर वेळी जगात सगळे त्यांनाच शिकवायला बसलेले असतात.

दुसरं, बाहेर निघताना एक जण जॅकेटची चेन स्वतः लावतो. चार-पाच मिनिटं लागतात. नव्या मुलांचे हात शिवशिवतात. कुणी लावून दिली, तर मुख्य ताई बाजूला घेऊन सांगते की बस चुकली तर पुढची येईल, त्याचं काम त्याच्या हातून काढून घेऊ नकोस. अंथरुणातून उचलायला लिफ्टर आहे, नुसत्या हातांनी माणूस उचलायची परवानगीच नाही; त्यात त्याची पाठही जाते आणि आपलीही. रुजू होण्याआधी पोलिसांचा दाखला लागतो आणि वर्षात पंचवीस दिवस सेमिनार असतात. हे सगळं मुंबईत दोन वर्षं करून आले असते तर कळलं असतं का? प्रामाणिकपणे सांगा.

शिवडीकर

राइनकाठी ताई, चेनचं वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती चार मिनिटं कुणाच्या पैशावर उभी आहेत ते बघा. आमच्या मावशींना दुपारी चारची गाडी गाठायची असते, घरी त्यांची स्वतःची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. त्या घास भरवतात ते मूल आपल्या हाताने खाऊ शकत नाही म्हणून नव्हे, वेळ नाही म्हणून. तिथे एक जादा माणूस बसला तर ती चार मिनिटं आमच्याकडेही येतील. तो जादा माणूस तुमच्याकडे आहे. माझं भांडण एवढंच आहे.

आईच_ती

माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा, ऑटिस्टिक. गोरेगावला राहतो आम्ही. मी दोघांशीही असहमत.

आमच्या सेंटरला मध्यंतरी युरोपातून मुली यायच्या, चार आठवडे, सहा आठवडे. मनाने फार चांगल्या. पण त्यांना विमानतळावरून आणायचं कोण, पोट बिघडलं की डॉक्टरकडे न्यायचं कोण, तर आमच्या मोजक्या स्टाफपैकीच कुणीतरी. आणि त्या गेल्या की माझा मुलगा पुढचे कित्येक दिवस दारातल्या चपला तपासायचा. त्यातल्या एकीच्या निळ्या सँडल त्याला पाठ होत्या. रात्रीची झोप गेली, पुन्हा हात चावायला लागला. ती मुलगी मात्र घरी जाऊन 'मुंबईने मला बदललं' असं लिहून मोकळी झाली.

तेव्हा शिवडीकर, मुद्दा जर्मनी की शिवडी हा नाहीच. शनिवारी येणारे आपले स्थानिक लोकही परीक्षा आली, लग्न ठरलं की न सांगता गायब होतात. राइनकाठी, तुमचं वर्षसुद्धा आमच्या मुलांच्या दृष्टीने कमीच. दर सप्टेंबरला नवा चेहरा, त्याची नवी सवय. त्या आजोबांनी आजवर कितीजणांना चमचा शिकवला असेल, आणि त्यातले किती जण आज त्यांना फोन करतात?

राइनकाठी

आईच_ती, तुमचा प्रश्न टोचला. फोन करणारे मोजके आहेत. फक्त एक फरक सांगते: स्वयंसेवक मुख्य माणूस नसतो. अंघोळ, औषधं, डॉक्टर हे कायमच्या स्टाफकडे. आम्ही जादाचे. बागकाम, बाजार, रविवारचं फिरणं आमच्याकडे. आम्ही गेल्यावर फिरणं बदलतं, अंघोळ घालणारा माणूस बदलत नाही. जी छोटी संस्था स्वयंसेवकांच्याच जिवावर चालते तिथे जाऊच नये, ती देशात असो की परदेशात. तरी त्रास होत नाही असं मी म्हणणार नाही.

फिजिओ_ठाणे

मला या धाग्यातली भावनिक बाजू थोडी बाजूला ठेवायची आहे. परदेशात काही घेऊन जाणार असाल तर कौशल्य घेऊन जा. जयपूर फूट बघा. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय चालत नव्हता. तो लावून उकिडवं बसता येत नव्हतं की मांडी घालता येत नव्हती. शेतात अनवाणी जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय? १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून वेगळा पाय घडवला. सर्जनइतकंच त्यात कारागिराचं डोकं आहे. पुढे १९७५ साली जयपूरला स्थापन झालेल्या संस्थेने तो मोफत बसवायला सुरुवात केली आणि आज त्यांचे तंत्रज्ञ आशिया-आफ्रिकेतल्या देशांत जाऊन शिबिरं घेतात. ते जातात तेव्हा त्यांच्या हातात काहीतरी असतं. बीकॉम झालेली मुलगी काय घेऊन चालली आहे? उत्साह?

उलट दिशेनेही तेच. आमच्याकडे परदेशी पाहुणे आले की मी आधी विचारतो, तुम्हाला येतं काय. 'आय लव्ह चिल्ड्रन' हे उत्तर असेल तर चहा पाजून परत पाठवतो.

राइनकाठी

डॉक्टर, जेवणाच्या टेबलावर शेजारी बसायला डिग्री लागत नाही, आणि नेमका तोच माणूस शिवडीकर काकांना मिळत नाहीये. प्रत्येक कामाला तज्ज्ञच हवा म्हटलं तर दिव्यांग माणसाच्या आयुष्यात पगारी माणसांशिवाय कुणी उरणार नाही.

बोरिवली_फास्ट

जर्मनीचं एवढं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. दिव्यांगांना गॅसने मारायची सरकारी मोहीम याच देशाने चालवली. १९४० आणि ४१ मध्ये सत्तर हजारांहून जास्त माणसं. आणि आजही तिथल्या खास दिव्यांगांसाठीच्या संरक्षित कार्यशाळांत सुमारे तीन लाख दिव्यांग काम करतात, किमान वेतनाच्या कितीतरी खाली. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१५ मध्ये यावरून कानउघाडणी केली होती. तेव्हा तिकडे सगळं आलबेल आणि आपण मागास, हा सूर पुरे.

राइनकाठी

आलबेल मी कुठे म्हटलं? कार्यशाळांच्या पगारावरून इथेही भांडणं चालू आहेत, आमच्या घरातले दोघं त्यात पुढे असतात. आणि तुम्ही म्हणता त्या मोहिमेतलं ग्राफेनेक हे ठिकाण मी राहते त्याच बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आहे. तिथे १९४० या एका वर्षात दहा हजारांहून अधिक माणसं मारली. आज त्याच आवारात स्मारक आहे आणि दिव्यांगांची राहती घरंही. लोक तिथे राहतात, कॉफी पितात, भांडतात. हे बघायला मिळणं हा येण्याच्या विरोधातला मुद्दा कसा होतो ते मला कळलं नाही.

चारचाकी

कुर्ल्याहून लिहिते आहे. व्हीलचेअर वापरते, नोकरी करते. वरपासून खालपर्यंत सगळे प्रतिसाद वाचले. प्रत्येकाने धरूनच चाललंय की दिव्यांग म्हणजे ज्याच्याकडे स्वयंसेवक येतो तो. मी स्वयंसेवक म्हणून जायला अर्ज केला होता, दक्षिण आशियातल्याच एका देशात, एका छोट्या संस्थेकडे. काम ऑफिसचं आणि मुलींना कॉम्प्युटर शिकवण्याचं. ते मी इथे रोज करते. उत्तर आलं, 'तुमच्यासोबत तुमची काळजी घ्यायला कोण येणार?' दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था हो!

जर्मनांची वेल्टवेर्ट्स नावाची योजना आहे, त्यांची मुलं आपल्यासारख्या देशांत पाठवणारी. तिला वयाची अट अठ्ठावीस, पण दिव्यांग असाल तर पस्तीस, आणि मदतनिसाचा जादा खर्चही योजना देते. म्हणजे तिकडचा व्हीलचेअरवाला मुंबईत येऊन सेवा करू शकतो. इथे उतरल्यावर लोकलमध्ये कसा चढणार ते विचारू नका. मी स्वतः मेट्रो आणि खालच्या पायरीच्या बसेसच्या आधाराने जगते. दिव्यांगांच्या डब्यापर्यंत पोचले तरी फलाट आणि डब्यामधली फट तिथेच असते, आणि आत दारात धडधाकट मंडळी उभी.

शिवडीकर, तुमच्या तळमजल्याच्या त्या दोन खोल्यांना पायऱ्या किती?

शिवडीकर

तीन. रॅम्पसाठी दोनदा अर्ज केला, सोसायटी म्हणते पार्किंग अडेल.

चारचाकी

मग तुम्हाला माणूस मिळत नाही म्हणता त्यात मी धरलेली नाही. डब्याच्या वेळी शेजारी बसायला मला पाय लागत नाहीत. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा दाखवा सोसायटीला. इमारती सुगम्य करण्याचं त्यात स्पष्ट लिहिलंय. मसुदा मी लिहून देते.

शिवडीकर

मसुदा जरूर पाठवा. बाकी माझं मत तेच आहे, मुलीने आधी इथे काम करावं. फक्त 'इथे कुणी येत नाही' हे वाक्य यापुढे जरा जपून वापरीन.

आईच_ती

त्या मुलीला माझा एक निरोप द्या. निघायच्या दिवशी निरोप घ्यायचा नसतो, दोन महिने आधीपासून कॅलेंडरवर खुणा करायच्या असतात. तिच्या संस्थेत ही पद्धत आहे का ते आत्ताच विचारून घे म्हणावं. नसेल तर तिने सुरू करावी.

राइनकाठी

चारचाकी, तुम्हाला अजून जायचं असेल तर थेट संस्थांना लिहा, एजंट नको. पहिल्याच परिच्छेदात खुर्चीची रुंदी, बाथरूमची गरज आणि तुम्हाला काय शिकवता येतं ते लिहा. म्हणजे काळजीचा प्रश्न विचारायला त्यांना जागाच राहणार नाही. आमच्याकडे खालच्या मजल्यावर खोली आहे. बाथरूमचं दार किती रुंद आहे ते उद्या मोजते.

चारचाकी

माझी खुर्ची चौसष्ट सेंटीमीटर. चौकट नका मोजू, दार उघडल्यावर मधे किती मोकळी जागा राहते ते मोजा. लोक नेहमी चौकट मोजतात.