सकाळी उशिरा स्टार्ट, चोर्ल्याच्या चढाला ताकद जाते, लो टाकलं की लिव्हर उडतो (जुनी डिझेल फोर बाय फोर)

खानापूर_शिवार

नमस्कार मंडळी. गाडी १९९६ची शॉर्ट चॅसी जीप. चार सिलिंडर डिझेल, इनडायरेक्ट इंजेक्शन, टर्बो नाही, इनलाइन पंप, १२ व्होल्ट. फोर-व्हील पार्टटाइम, पुढे हाताने फिरवायचे लॉकिंग हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडवणारे). शेताला, जांबोटी भागातल्या कच्च्या रस्त्यांना आणि अधूनमधून गोव्याला वापर.

तक्रारी तीन. रात्रभर उभी राहिली की सकाळी २०-२५ सेकंद स्टार्टर मारावा लागतो. मग अडखळत सुरू होते, थोडा पांढरा धूर, मिनिटभरात सुरळीत. नंतर दिवसभर हात लावला की स्टार्ट.

दुसरी, केरीकडून चोर्ला घाट चढताना अर्ध्या चढाला ताकद जाते. पेडल पूर्ण दाबलं तरी दुसऱ्या गिअरवरच रखडते. काळा धूर नाही, टेंपरेचर काटा जागेवर. बाजूला घेऊन पाच-सात मिनिटं थांबलं की पुन्हा नीट ओढते, थोड्या वेळाने परत तेच. खानापूर-बेळगाव सपाटीला काही जाणवत नाही.

तिसरी, चिखलात लो (जास्त ओढीचा हळू गिअर) टाकून उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की ट्रान्स्फरचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर आपोआप न्यूट्रलला उडतो.

मेस्त्री म्हणतात पंप (दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप) उतरवून कॅलिब्रेशन करू, चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदलू. डिझेल फिल्टर नवा आहे. पंप उतरवण्याआधी घरी काय काय तपासता येईल?

---

टाकी_ते_नोझल (निपाणी)

पंपाला अजून हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या पहिल्या दोन्ही तक्रारी टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या पट्ट्यातल्या वाटतात. पंपाचे एलिमेंट (आतले दट्ट्ये) झिजले असते तर गरम झाल्यावर स्टार्टिंग आणखी वाईट झालं असतं, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या एलिमेंटमधून जास्त गळतं. तुमचं उलट आहे. आणि झिजलेला पंप पाच मिनिटं विश्रांती दिली म्हणून सुधारत नाही.

सकाळी आधी सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा. स्टार्टर फिरताना पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेटत नाही. मग ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे), कॉम्प्रेशन, टायमिंग हा रस्ता. धूर अजिबात नसेल आणि सुरू होता होता मगच पांढरा येत असेल, तर डिझेल पोचायलाच उशीर होतोय. म्हणजे रात्रीत लाइन रिकामी होऊन डिझेल टाकीत परत उतरतंय.

याची खात्री फुकटात होते. स्टार्टर मारण्याआधी फीड पंपावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा दट्ट्या) २०-३० वेळा मारा. हात घट्ट लागेपर्यंत मारून मग चावी फिरवली आणि गाडी लगेच सुटली, तर लाइनमध्ये हवा शिरतेय हे पक्कं.

आता ही हवा शोधायची कशी, कारण इथेच सगळे चुकतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत लाइनमध्ये दाब नसतो, ओढ असते. त्या भागात फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. त्यामुळे पाइप कोरडाठाक दिसतो आणि मेस्त्री म्हणतो लीक नाही. फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि पंपाकडे, दाब असतो. तिथे गळती ओली दिसते.

फीड पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक डिझेल होज लावा, साधारण ८ मिमी, तुमच्या निपलला घट्ट बसेल तो. दोन्ही बाजूंना क्लिप. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरून बघा. एखाददुसरा बारीक बुडबुडा चालतो. साखळी आली तर मागच्या भागात फट आहे.

मग ५ लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटच्या उंचीला बांधा, गाळलेलं डिझेल भरा आणि टाकीची लाइन काढून कॅनमधून थेट फीड पंपाला द्या. दोन गोष्टी एकदम कळतात. रात्रभर असंच ठेवून सकाळी अर्ध्या फेरीत सुरू झाली तर दोष टाकीच्या बाजूचा. आणि कॅन वर असल्यामुळे आता ओढीऐवजी हलका दाब आहे, त्यामुळे प्रायमरच्या दांड्याजवळ किंवा इनलेट बॅन्जोजवळ (पोकळ बोल्टच्या सांध्याजवळ) फट असेल तर तिथून थेंब सुटतील. खाली कोरडा पुठ्ठा ठेवा म्हणजे दिसेल.

घाटाच्या तक्रारीसाठी टाकीचं झाकण सैल करून तोच चढ चढून बघा. ताकद राहिली तर ब्रीदर (टाकीत हवा घेणारी नळी) चिखलाने बंद आहे, टाकीत व्हॅक्यूम होतोय. फरक पडला नाही तर टाकीतली पिकअपची (डिझेल ओढणाऱ्या नळीची) जाळी. भर चढाला डिझेल जास्त ओढलं जातं, तेव्हा टाकीतला कचरा आणि शेवाळासारखा चिकट थर जाळीला येऊन चिकटतो. थांबलात की ओढ संपते, तो खाली पडतो आणि गाडी पुन्हा नीट. काळा धूर नसणं हेही तेच सांगतं, डिझेल कमी पडतंय. हवा कमी पडली असती तर धूर काळा आला असता.

---

डायनॅमो_कारभार

वरचं सगळं करताना बॅटरीही बघून टाका, दोन मिनिटांचं काम. स्टार्टर फिरताना बॅटरीच्या टोकांवर ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको. त्याच वेळी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. जुन्या जीपमध्ये इंजिन ते चॅसीची पट्टी गंजून अर्धी उरलेली असते आणि दोष बॅटरीवर जातो.

ग्लो प्लगची पट्टी सोडवून प्रत्येक प्लग वेगळा तपासा. टेस्ट लॅम्प बॅटरीच्या प्लसला, टोक प्लगच्या स्क्रूला. दिवा लागला तर आतली कॉइल शाबूत, नाही लागला तर प्लग गेला. चारपैकी एक गेला असेल तर सुरू होताना एका सिलिंडरचा अडखळा येतोच.

स्टार्टर एका वेळी १०-१५ सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर सोडा. २५ सेकंद सलग म्हणजे आर्मेचर जाळायचं काम.

---

खानापूर_शिवार

धन्यवाद. सांगितलेलं केलं. सायलेन्सरमधून आधी काही नाही, सुरू होताना पांढरा. प्रायमर मारून चावी फिरवली तर लगेच सुटते. पारदर्शक होजमध्ये बुडबुड्यांची सरळ ओळ. कॅनवर सकाळी पहिल्या फेरीत सुरू आणि पुठ्ठा कोरडा. टाकीचं झाकण सैल करून घाटात काही फरक नाही. ग्लो प्लग एक मेला होता, बदलला. व्होल्टेज ठीक.

मग टाकी ते पंप हे सहा-सात फुटांचं अंतर, त्यात फट नेमकी कुठे शोधू?

---

टाकी_ते_नोझल (निपाणी)

पुठ्ठा कोरडा म्हणजे प्रायमर आणि बॅन्जो संशयातून सुटले. बुडबुड्यांची ओळ आणि कॅनवर निरोगी, म्हणजे फट टाकी आणि होजच्या मधेच.

होज काढून लाइन पुन्हा फीड पंपाला जोडा. टाकी अर्धी भरा, ब्रीदरच्या नळीतून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा द्या. ३ पीएसआयच्या वर नको, टाकीचा पत्रा फुगतो आणि जुनी शिलाई उघडते. कॉम्प्रेसर तर लावूच नका. आता प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावत मागून पुढे या, बुडबुडे किंवा डिझेलचे थेंब दिसतात का बघा. पहिला संशय टाकीच्या पिकअपजवळचा रबरी तुकडा, तो बाहेरून धड दिसतो पण वाकवला की भेगा उघडतात. दुसरा, चॅसीच्या क्लॅम्पखालचा लोखंडी पाइप. चिखलाचं पाणी क्लॅम्पमध्ये साठून तिथे टाचणीएवढं भोक पडतं. क्लॅम्प सोडून पाइप फिरवून खालची बाजू बघितल्याशिवाय सापडत नाही.

तांब्याचे वॉशर पुन्हा वापरायचे असतील तर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाका, मऊ होतात. चेपलेले असतील तर नवेच घ्या, किंमत काही नाही.

टाकी उतरवणारच आहात तर पिकअपची नळी काढून जाळी धुवा आणि टाकी आतून दोन वेळा डिझेलने खंगाळा. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आतल्या पत्र्याला पाणी धरतं, ते तळाला बसतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर तो चिकट थर वाढतो. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, आणि सेडिमेंटर (पाणी वेगळं करणारी वाटी) असेल तर दर आठवड्याला खालचा स्क्रू सोडून पाणी काढा. फीड पंपाच्या इनलेटमध्येही एक बारीक जाळी असते, ती बहुतेक कुणी उघडलेलीच नसते.

बसवल्यावर ब्लीडिंग (लाइनमधली हवा काढणं) नीट. आधी फिल्टरचा स्क्रू सैल, प्रायमर मारत राहा, फेस जाऊन सलग धार आली की डिझेल येत असतानाच आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी दोन इंजेक्टरचे नट एक फेरी सैल करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा. इंजिन चालू असताना नट सैल करून हात समोर धरू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि गंभीर जखम होते.

एवढं करूनही चढाला ताकद कमी वाटली तर पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघा. त्याची स्प्रिंग मेली की पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या वाटेत) दाब टिकत नाही, डिझेल परतीच्या लाइनने टाकीत निघून जातं आणि भर लोडला कमी पडतं. बदली व्हॉल्व्ह स्वस्त आहे. त्यानंतरच नोझल टेस्ट, आणि त्यानंतर पंप.

---

उद्यमबाग_लेथ

लिव्हर उडण्याबद्दल.

लो जोर दिल्यावर उडत नाही, सोडल्यावर उडतो, हे महत्त्वाचं. आधी फ्लोअरबोर्ड काढून लिव्हरचा प्रवास बघा. बॉडी किंवा गिअरबॉक्स माउंटिंग खचलं की लिव्हर फ्लोअरच्या भोकाच्या कडेला टेकतो आणि गिअर अर्धाच बसतो. लिंकेजच्या बुश ढिल्या असतील तरी तेच. ट्रान्स्फर केस न उघडता निम्म्या गाड्या इथेच बऱ्या होतात.

मग डिटेंट, म्हणजे गिअर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग. शिफ्ट रेलच्या (लिव्हरने सरकणाऱ्या दांड्याच्या) बाजूला बोल्ट असतो, त्याच्या आत स्प्रिंग आणि गोळी. स्प्रिंग बाहेर काढून नवीच्या शेजारी ठेवा, लांबी कमी भरली तर बदला. आखूड स्प्रिंगखाली वॉशर घालून चालवू नका, लिव्हर जड होतो आणि फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजतो. एवढ्यानेही उडत असेल तर केस उघडून फोर्कची बोटं आणि स्लायडिंग गिअरच्या दातांची टोकं बघावी लागतील. टोकं गोल झाली असतील तर गिअर बदली, वेल्डिंग भरून घासू नका.

ऑइल दोन्हीकडचं मोजा. गिअरबॉक्सचं कमी आणि ट्रान्स्फरचं जास्त झालं असेल तर मधलं सील गेलंय. एकाची लेव्हल बघून टॉप-अप करत राहिलात तर गिअरबॉक्स कोरडा पडेल. गिअरबॉक्सला ८०डब्ल्यू-९० जीएल-४, जीएल-५ नको, त्यातलं सल्फर पितळी सिंक्रो रिंग (गिअरचे वेग जुळवणारी) खातं. जीएल-५ पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला.

टायर चारही सारखे आहेत का?

---

खानापूर_शिवार

पाइप सापडला. क्लॅम्पखाली भोक होतं, साबणाचे बुडबुडे आले. जाळीवर काळपट चिकट थर जमला होता. टाकी, पाइप, वॉशर झालं, सकाळी प्रायमर न मारता सुटते. घाट अजून बघायचाय.

टायर मागे नवे, पुढे जुने. जवळजवळ ८ मिमीचा फरक.

---

उद्यमबाग_लेथ

मग डिटेंटच्या आधी ते सोडवा. ८ मिमी त्रिज्येत म्हणजे घेरात ५० मिमी. ६.००-१६ टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे २ टक्क्यांहून जास्त फरक. पार्टटाइम फोर-व्हीलला मधलं डिफरन्शियल नसतं, पुढचा-मागचा शाफ्ट एकच वेग धरतात. किलोमीटरमागे २० मीटर कुठेतरी घसरावे लागतात. चिखलात टायर घसरून निभावतात, कडक जमिनीवर तो ताण दातांवर चढतो. जोर सोडला की ताण मोकळा होताना गिअरला बाहेर ढकलतो, आणि स्प्रिंग मेलेली असेल तर लिव्हर उडणारच.

खडूने टायरवर खूण करून एक पूर्ण फेरी ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा, चारही चाकांचं, हवा सारखी भरून. पुढच्या-मागच्यात १ टक्का, म्हणजे २२ मिमीच्या आत आणा. डांबरावर आलात की आधी टू-व्हील, मग हब मोकळे. लिव्हर अडकला तर ओढू नका, गाडी दोन-तीन मीटर रिव्हर्स घ्या, ताण सुटतो आणि तो हाताने येतो.

हब उघडाल तेव्हा ग्रीसही बघा. दुधासारखं पांढरट झालं असेल तर चिखलणीचं पाणी नकलच्या (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याच्या) सीलमधून आत गेलंय. बेअरिंग धुवून नवं ग्रीस, आतला नट चाक फिरवत घट्ट करून एक षष्ठांश फेरी मागे, मग लॉक वॉशर, बाहेरचा नट आवळून वॉशरची कड त्यावर वाकवा.